गोदामातला गोड वास

रोज सकाळी सात वाजता दहा माणसांच्या तोंडाचा वास घेणं, हे माझं काम होतं. नेमणुकीच्या कागदावर मी बारामतीतल्या एका धान्यपेढीचा गोदाम-दिवाणजी होतो. हमाल मला पाठीमागं काय म्हणत ते मला ठाऊक होतं आणि ते इथं छापण्यासारखं नाही. ते ओळीनं उभे राहायचे. मी एकेकापुढं जायचो आणि त्यानं तोंड उघडून आपलं पूर्ण नाव सांगायचं, बापाच्या नावासकट. नुसतं ‘हाऽऽ’ करायला लावलं तर लबाड माणूस श्वास आत ओढतो, हे मला दुसऱ्याच आठवड्यात समजलं होतं. नाव सांगायचं म्हटलं की श्वास बाहेर टाकावाच लागतो.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. राज्यात दारूबंदी होती, म्हणजे कागदावर दारू बंद होती आणि ओढ्याकाठी चालू होती. आमचे मालक कडक. ज्याच्या तोंडाला वास येईल त्याला त्याच दिवशी काढायचं, असा त्यांचा हुकूम. आणि मला तर हुकमाचीही गरज नव्हती. माझा स्वभावच संशयी. आई म्हणायची, ‘हा पाळण्यात असतानाही दूध वास घेऊन प्यायचा.’

गोदामाच्या धंद्यात असा माणूस लागतोच. सुप्याकडून ज्वारीची पोती यायची. वर मोती, खाली माती. पोत्याचं तोंड उघडून बघणारा फसलाच म्हणून समजा. आमच्याकडं परखी असायची, म्हणजे लोखंडाची पोकळ टोकदार सळई. ती पोत्याच्या कमरेत खुपसायची की आतले दाणे नळीतून तळहातावर येतात. मी परखी एकदा खुपसून थांबत नसे, तीनदा खुपसायचो. एक गृहस्थ दर पंधरवड्याला काळा, पाघळलेला गूळ न्यायला यायचे. म्हशींना घालतो म्हणायचे. मी विचारलं, ‘म्हशी किती?’ म्हणाले, ‘दोन.’ मी म्हटलं, ‘दोन म्हशी महिन्याला आठ ढेपा खातात, तर दूध काढताना त्या गाणं म्हणत असतील.’ ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. अशा गोष्टी मी संध्याकाळी चवीनं सांगायचो. माझ्या नाकाचा मला फार अभिमान होता.

आता धुरीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

साठवलेल्या ज्वारी-गव्हात पोरकिडे होतात. ते मारायला औषधाची धुरी द्यावी लागते. धुरी म्हटलं तरी धूर नसतो. पत्र्याच्या डब्यातून एक पाण्यासारखं पातळ औषध यायचं, त्यात निम्मंशिम्मं कार्बन टेट्राक्लोराइड असायचं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ते वरून ओतायचं. पोत्यांची थप्पी छपरापर्यंत रचलेली असायची. दोन माणसांनी शिडीनं वर चढायचं, लांबच्या टोकापासून झारीनं पोत्यांवर औषध शिंपडत मागं मागं यायचं, खाली उतरून दार लावायचं आणि फटी शेणमातीनं लिंपून टाकायच्या. वाफ आपोआप थप्पीत खाली झिरपायची आणि चार-पाच दिवसांत किडे मरायचे. नाकाला ओला फडका बांधायचा. त्या फडक्यानं काही होत नसे, पण बांधल्याचं समाधान असायचं. औषधाला वास गोड, पिकून फार दिवस झालेल्या फळासारखा. तो अंगाला, कपड्यांना, केसांना असा चिकटायचा की दुपारपर्यंत जायचा नाही.

ऊन चढायच्या आत, सकाळी सहाला हे काम व्हायचं. मोसमात एक दिवसाआड धुरी असायची. आमची बारामतीत दोन गोदामं आणि इंदापुरात एक. धुरीचं काम कोणाला नको असायचं, डोकं गरगरायचं. पण दोन माणसं ठरलेली होती. एक बाबालाल, बारामतीचाच, तांबोळ्यांपैकी. पानाचा धंदा भावांकडं, हा हमालीला. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. दुसरा पणदऱ्याचा किसन. आडमाप ताकदीचा, हसतमुख, गावातल्या माळकरी घरातला. त्याचे थोरले भाऊ, सगळे त्यांना तात्या म्हणत, इतके सोवळे की कांद्यालाही शिवत नसत. किसन आपणहून म्हणायचा, ‘दिवाणजी, धुरीला मला घ्या.’ आता माझ्यासारख्या माणसाला इथं शंका यायला हवी होती. आलीही होती. हा वर जाऊन पोती फोडत असेल म्हणून मी दोनदा मागोमाग चढून पाहिलं. काही सापडलं नाही. मग मी त्याच्या नावापुढं मनात ‘प्रामाणिक’ असं लिहून टाकलं.

दोघांची दोस्ती जुनी होती. धुरी झाली की बाबालालच्या घरून किटलीतून चहा यायचा आणि दोघं गोदामाच्या पायरीवर बसून प्यायचे. तात्यांना हे आवडत नव्हतं. किसन हसून सोडून द्यायचा.

त्या वर्षी सुगी होऊन गोदामं भरली होती. एका सकाळी मी पायरीपाशी आलो तर दोघं भांडत होते. बाबालाल म्हणत होता, ‘ह्ये श्येवटचं. पुन्यांदा केलंस तर म्या सांगनार, किस्ना. मग बघ.’ मला पाहून दोघं गप्प झाले. मी काही विचारलं नाही, पण ते बोल डोक्यात ठेवले. मला वाटलं, एकाचं काहीतरी दुसऱ्याच्या हातात आहे, आणि तो त्याला दाबतोय.

आठवडा गेला. सोमवारी धुरी झाली, चहा झाला, हजेरी झाली. मंगळवारी किसन आला नाही. निरोप आला, ओकाऱ्या होतायत. बुधवारीही नाही. मी मनात म्हटलं, ढोंग. गुरुवारी पणदऱ्याहून बैलगाडी आली. गाडीत किसन पडलेला, डोळे हळदीसारखे पिवळे. मागं तात्या आणि किसनची बायको हौसा. तिनं मला खालच्या आवाजात सांगितलं, ‘दिवाणजी, कालपास्नं लघवीच न्हाय झाली त्येस्नी.’

गावात एक म्हातारे डॉक्टर होते, लष्करातून निवृत्त झालेले, पाच खाटांचा दवाखाना होता त्यांचा. तिथं किसनला नेला. डॉक्टरांनी त्याचं पोट दाबलं, छाती ऐकली आणि मला विचारलं, ‘गोदामात काय ओततात?’

मी डब्यावरचं नाव सांगितलं. त्यांनी मान वर केली. ‘हा पितो का?’

किसनकडं पाहूनच विचारलं होतं त्यांनी. उशाशी तात्या गळ्यातली माळ हातात धरून उभे होते. किसननं मान हलवली. नाही. तरी डॉक्टरांचं समाधान होईना. ते माझ्याकडं वळले. आणि मी त्या वेळी जे बोललो ते आजही मला शब्दन् शब्द पाठ आहे.

‘शक्यच नाही, डॉक्टर. रोज सकाळी मी स्वतः तपासतो. चार वर्षांत माझ्या नाकाखालून एक माणूस सुटलेला नाही. लिहून देऊ?’

डॉक्टर म्हणाले, ‘लढाईत असताना इंजिनं धुवायला हेच औषध वापरायचे. त्यात मी एक पाहिलं होतं. पिणारे पडायचे, न पिणारे धडधाकट राहायचे. का, ते आम्हाला कोणाला कळलं नाही. याचा जोडीदार कसा आहे?’

‘ठणठणीत. पोती वाहतोय.’

‘एकाच हवेत दोघं. हा पीत नाही, तो ठणठणीत. मग औषध नसावं. ओकून ओकून अंगातलं पाणी गेलंय, म्हणून लघवी नाही. आधी ते भरून काढू.’ त्यांनी सलाइनची बाटली लावली.

औषध नाही म्हटल्यावर तात्यांनी विचारलं, ‘मग च्यात काय व्हतं?’

मी तिथं तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण माझं डोकं नेहमीच्या चालीनं चालू लागलं होतं. मी त्यांना पायरीवरचं भांडण सांगितलं. ‘मग बघ’ हे दोन शब्द मी जरा जोर देऊनच सांगितले असतील. तात्यांचा चेहरा बदलला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या बारामतीला कळलं की बाबालालनं चहातून काहीतरी घातलं. मी स्वतः बाबालालला निरोप पाठवला की दवाखान्याच्या आसपास दिसू नकोस.

शुक्रवारी सकाळी तो माझ्या दारात आला. डोळे लाल झालेले. आत यायला तयार नव्हता.

‘दिवाणजी, डाक्तरास्नी एक सांगायचं हाय. तुमी मला तितं जाऊ द्या.’

‘मला सांग, मी सांगतो.’

‘न्हाय. तुमास्नी न्हाय. डाक्तरास्नीच.’

झालं. मला सांगण्यासारखं नाही म्हणजे नक्कीच काळंबेरं. मी म्हटलं, ‘आधी चहात काय होतं ते बोल. बाकीचं फौजदाराला सांग.’

‘त्याच किटलीतला म्या बी प्यालो, दिवाणजी,’ एवढं तो म्हणाला आणि गेला. मी हजेरीला गेलो. नऊ माणसांची तोंडं हुंगली.

त्या दिवशी दुपारी दवाखान्यात गेलो तर किसनला श्वास घेता येत नव्हता. झोपवला की गुदमरायचा, म्हणून हौसानं त्याला पाठीशी बसून धरला होता. छातीतून घागर भरताना होतो तसा आवाज येत होता. डॉक्टर म्हणत होते, न्यूमोनिया दिसतो आता. नवी बाटली टांगायला कंपाउंडर पुढं झाला. तेवढ्यात मागच्या दारानं बाबालाल आत घुसला. तात्या त्याच्या अंगावर धावले. त्यानं मार चुकवलाही नाही, तसाच डॉक्टरांपुढं जाऊन उभा राहिला.

‘डाक्तरसाब, किस्ना पितो. लई दिस झालं. धुरीच्या आदल्या राती पितो. सकाळी त्या औशिदाचा वास अंगाला लागला की दिवाणजीच्या नाकाला कळत न्हाय, म्हनून तर धुरी मागून घेतो. मला पोराची शपथ घातली व्हती त्यानं. म्या मोडली आज.’

किसननं डोळे मिटून घेतले. हौसा खाली बघत होती, तिला हे ठाऊक होतं हे तिच्या मानेवरूनच दिसलं. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं सुई काढली. मग मला व्हरांड्यात नेलं. आवाज चढवला नाही, पण मला म्हणाले, ‘मूत्रपिंडं बंद पडलीत याची. पाणी बाहेर जायला वाट नाही आणि मी वरून ओततोय. ते सगळं फुप्फुसात साठलं. काल हे कळलं असतं तर मी एक थेंब दिला नसता.’ मग म्हणाले, ‘तुम्ही लिहून देणार होतात.’

शनिवारी सकाळी किसन गेला.

मला काय वाटलं ते आता सांगायला हरकत नाही, मी म्हातारा झालो आहे. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटली, की हे कोणाला कळेल. मालकांना मी ‘न्यूमोनिया’ सांगितलं. तात्यांनी तर अखेरपर्यंत मानलं नाही. आमच्या घरात कोणी पीत नाही, म्हणायचे. चहातूनच गेला माझा भाऊ. फौजदारानं बाबालालला दोनदा बोलावून सोडून दिलं. पण गावानं सोडलं नाही. त्याच्या भावांच्या दुकानातून पान घ्यायचं लोकांनी बंद केलं. मला सगळं माहीत होतं. मी चौकात उभं राहून एकदा मोठ्यानं सांगितलं असतं तर ते थांबलं असतं. मी सांगितलं नाही.

हे असं का झालं, एकाच हवेतून एक सुटला आणि एक का मेला, ते मला फार पुढं कळलं. माझी भाची पुण्याच्या कॉलेजात जीवरसायन शिकवते. तिला मी ही गोष्ट सांगितली, नावं बदलून. ती म्हणाली, मामा, ते औषध नाकातून आत जातं तेव्हा फारसं विषारी नसतंच. त्याला विष करतं ते आपलं शरीर. यकृतात, फुप्फुसांतसुद्धा, विकरं असतात, म्हणजे एन्झाइम. बाहेरून काही परकं आलं की ते मोडून बाहेर फेकायचं, हे त्यांचं काम. बहुतेक वेळा ते ठीक होतं. पण काही वस्तू अशा असतात की मोडल्या म्हणजे त्यांचे तुकडे मूळ वस्तूपेक्षा जहाल निघतात, आणि ज्या पेशीनं मोडल्या तिलाच आधी जाळतात. गाडीच्या धुरातले, डांबराच्या वाफेतले काही घटकही असेच.

‘आणि दारू?’ मी विचारलं.

‘दारूही परकीच. नेहमी पिणाऱ्याचं शरीर तिला मोडायला जादा गडी लावतं. रात्री ते गडी दारूत गुंतलेले असतात. सकाळी दारू उतरली की रिकामे. अशा वेळी हे औषध आत आलं की सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडतात. न पिणाऱ्याकडं तेवढे गडीच नसतात. तो थोडंफार श्वासावाटे सोडून देतो आणि वाचतो.’

ती सहज सांगत होती. मी मात्र त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे धुरीला जायला सगळ्यात धोक्याची माणसं कोण, तर पिणारी. आणि माझ्या हजेरीनं नेमकी तीच माणसं निवडून वर पाठवली. एकटा किसन नव्हता. त्याच्या आधी धुरी मागून घेणारे आणखी दोन होते. एकजण काविळीनं गेला होता, एक दम्यानं काम सोडून कळंबला परतला होता. तेव्हा मी त्यांना कामचुकार म्हटलं होतं.

पण हे सगळं पुढचं. किसन गेल्यानंतरच्या मोसमात मला एवढंच ठाऊक होतं, डॉक्टरांनी बजावलेलं: न पिणाऱ्यालाच वर चढवा. तसा खात्रीचा माणूस एकच होता. बाबालाल बारामती सोडून इंदापुरात सायकलींचं दुकान टाकून बसला होता. मी एसटीनं गेलो. तो ट्यूबला ठिगळ लावत होता. हात पुसून त्यानं मला स्टूल दिलं.

‘च्या मागिवतो हॉटेलातनं,’ तो म्हणाला. ‘माज्या घरचा तुमी कशाला पिताल?’

मी त्याला परत कामावर ये म्हटलं. तो नाही म्हणाला. मग जे मला वर्षभर खात होतं ते मी विचारलं. ‘बाबालाल, तू त्या दिवशी माझ्या दारात आला होतास. मला का नाही सांगितलंस? मी लगेच डॉक्टरांकडं गेलो असतो.’

तो थोडा वेळ ट्यूबवर पाणी लावून बुडबुडे बघत बसला. मग म्हणाला, ‘तुमास्नी सांगितलं आसतं तर तुमी किस्नाला काढला आसता, दिवाणजी. आणि माज्यावर इस्वास ठिवून डाक्तराकडं गेला आसता व्हय? शिक्षा तेवडी दिली आसती.’

मी चहा प्यायलो नाही. आलाच नाही तो, किंवा मी थांबलो नाही, आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पोरकिड्यांनी भरलेल्या थप्पीपुढं मी आठही हमालांना उभं केलं. हजेरी घेतली नाही. सांगितलं, ‘बाबांनो, हे औषध पिणाऱ्याला मारतं. किसन त्यानंच गेला, चहानं नाही. जो कोणी पीत असेल त्यानं बाजूला व्हावं. कोणालाही काढणार नाही. माझ्या मुलांची शपथ.’ माझ्या तोंडून किसनचं खरं कारण पहिल्यांदाच चारचौघांत निघालं होतं.

एकही माणूस हलला नाही. सगळे पायांकडं बघत होते. मी पुन्हा सांगितलं. मग विनवलं. त्यांच्यातले निदान तिघे पितात हे मला कळत होतं, पण कोणते तिघे? पाच वर्षं मी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, मला खरं सांगायचं नाही.

मग मी धोतर खोचलं, नाकाला फडका बांधला, झारी भरली आणि शिडीला हात घातला. औषधाच्या गोड वासानं डोळ्यांत पाणी आलं. दोन पायऱ्या चढलो असेन, तेवढ्यात त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर हमाल, म्हादबा, पुढं आला. त्यानं शिडी खालून धरली आणि मागं कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात मला विचारलं,

‘दिवाणजी, तुमी पीत न्हाय न्हवं? खरं सांगा. आमी कुनाला बोलनार न्हाय.’